तांबड्या थराखाली

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही भीतभीत. मी कुणी पंडित नव्हे. ज्वालामुखीवर लिहायचं धाडस करतोय, ते वाचकांनी पोटात घालावं. पण राग अजून गेलेला नाही.

निजामी राजवटीची ती शेवटची वर्षं. शहरातल्या कॉलेजात पुस्तकं उर्दूत. एकात अरबस्तानच्या वाळवंटातल्या काळ्या दगडांच्या पठारावर अख्खं प्रकरण होतं. लाव्हा कितीदा वाहिला, मधल्या काळात त्यावर माती कशी साचली, पुढच्या लाव्ह्याखाली ती विटेसारखी लाल कशी भाजली, आणि त्या लाल पट्ट्याखालचा जुना दगड बुडबुड्यांनी कसा भोकाभोकांचा असतो. पाठ करता करता थांबलो. हे तर आमच्या वाटूर गावच्या विहिरी!

आमच्याकडे विहीर खोदताना तांबडं लागलं की काम थांबतं. ते धरतीचं मांस, त्याला पहार लावायची नाही. नारळ फोडायचा आणि वर यायचं. आज्यानं एक विहीर अशी सोडली, वडिलांनी दुसरी. तिसरीतही तांबडं लागल्याचं पत्र नुकतंच आलं होतं. आई मैलभरावरून पाणी वाहत होती.

वर्गात उभा राहून विचारलं, आमच्याकडचा काळा दगडही लाव्हाच का?

"किताब में है?" प्राध्यापक म्हणाले.

"जी, नहीं."

"तो बैठ जाओ."

मागून आमच्याच भागातला एक जण कुजबुजला, "बघा रे, याच्या विहिरीतून धूर निघून राह्यला!"

सगळे हसले. मी बसलो. हजार कोसांवरच्या वाळवंटाला प्रकरण, आणि ज्या दगडावर आम्ही जन्मलो त्याला एक ओळ नाही! का? आम्ही तहानलेलेच राहावं म्हणून? हे मोठ्यानं विचारलं नाही, याचा राग सगळ्यात जास्त.

घरी लिहिलं, तांबडं फोडा, खालच्या भोकाभोकांच्या दगडात पाणी साचलेलं असेल. वडिलांनी गावच्या मास्तरांकडून उत्तर लिहवलं, "चार बुकं शिकून धरतीच्या अंगावर पहार घालायला सांगतूस?"

पुन्हा लिहिलं. महिना गेला, दीड महिना गेला. मग मास्तरांच्या अक्षरात वडिलांचं कार्ड आलं:

"खोदणारे बिलकुल तयार न्हाईत म्हणून तुझी आईच पहार घेऊन खाली उतरली. मंग सगळे लाजले, मी बी. तांबडं कमरभर निघालं. खाली भोकाभोकांचा दगड. काल पाणी लागलं. गोड हाय."