रडक्या सरांचा शब्द

माझे बाबा जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या मशीनवर काम करताना वारले. ओला कापूस अडकला, त्यांनी मशीन बंद न करता हात घातला. त्या संध्याकाळी ताईला पाहायला पाहुणे येणार होते. सकाळी आई बाबांना म्हणाली होती, "आज लवकर या." बस्स, एवढंच. त्या दिवसापासून आईनं चप्पल सोडली. आमच्या मोताळ्याच्या बाजारात भर उन्हाळ्यात ती डांबरावर अनवाणी चालायची. कुणी विचारलं की म्हणायची, "घाई मी लावली त्याईले. पाप माहं हाय, भोगून राह्यली."

या घरातून मी एसटीनं मलकापूरच्या कॉलेजात जायची. आमच्यात दहावीच्या पुढं तोवर कुणी गेलं नव्हतं. तिथं ग्रीक शोकांतिका शिकवायला रडके सर होते. हे नाव पोरांनी ठेवलेलं, कारण त्यांच्या प्रत्येक नाटकात कुणीतरी मरायचंच. सर स्वतः कधी रडलेले मात्र कुणी पाहिले नव्हते. कापूस पिंजणाऱ्या मुसलमान पिंजाऱ्याच्या घरातले, खणखणीत आवाजाचे.

सर व्याख्या लिहून देत नसत. "गावातला दाखला आना, मंग शब्द तुमचा," म्हणायचे. ह्युब्रिस म्हणजे देवालाही न जुमानणारी मस्ती, असं सांगितलं तर मागून एक जण ओरडला, "सर, आमचा सरपंच!" सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "बस खाली बे. तो निवडून आला, पडल्यावर सांग." कोरस, म्हणजे नाटकात बाजूला उभं राहून बोलणारा घोळका, त्याचा दाखला त्यांनी स्वतःच दिला. "मयतीच्या घरी ओट्यावर बसलेल्या बाया. त्याईले सगळं दिसते, सगळं बोलतात, अन् वेळेवर हात कोणीच धरत नाही."

मग हमार्तिया आला. माणसाला बुडवणारी चूक. मी उभी राहिले आणि आईचं "लवकर या" सांगून टाकलं.

सरांनी खडू ठेवला. "बेटा, चूक तुह्या बापाची. चालू मशीनमंदी हात घातला. अन् चूक म्हंजे पाप नाही. नेम धरला, बाण बाजूले गेला, एवढंच."

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. ती भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "सराले म्हण, पुस्तकात लई सोपं असते."

मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या रविवारी सर मोताळ्याला आले आणि आमच्या ओट्यावर बसले. आईच्या पायांच्या भेगांकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"ताई, माह्या बापाची दोन बोटं अशीच गेली, पिंजायच्या मशीनमंदी. त्या दिवशी त्याले कोणतीच घाई नव्हती. घरी पाहुणे नव्हते. कापसाच्या कामातले सारेच हात घालतात. मशीन बंद केली तर बाकीचे हसतात."

आईनं विचारलं, "मंग तुमच्या मायनं काय सोडलं?"

"काहीच नाही. आधी शिव्या देल्या, मंग जेवू घातलं."

आई हसली नाही. चहा मात्र तिनं केला. दुसऱ्या दिवशीही ती अनवाणीच बाजारात गेली. मला वाटलं, सरांची फेरी वाया गेली.

माझ्या शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर असताना सर गेले. वर्गात हजेरी घेता घेता खाली बसले, ते उठलेच नाहीत. पोरं कब्रस्तानात गेली. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "चाल, त्याच्या बायकोजवळ बसू."

सरांचं घर बायांनी भरलं होतं. सरांनी सांगितलेला कोरस, ओटाभर. वाट काढत आम्ही दारापाशी पोचलो. आई उंबऱ्याशी थांबली, खाली वाकली आणि चपला काढून भिंतीकडेला ठेवल्या. नव्या होत्या, प्लास्टिकच्या. कधी घेतल्या, मला ठाऊक नाही. मी रस्ताभर तिच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं.

आत जाऊन ती सरांच्या बायकोचा हात धरून बसली आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

त्या वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.