पिंकीचा दवाखाना कुठी हाय?

कॉलेजच्या मैत्रिणी पुण्यात जमल्या की आधी सगळ्यांचं आपापल्या क्लिनिकबद्दल बोलून होतं. कुणाचं नवं मशीन, कुणाचं पार्किंग. माझी पाळी आली की त्या खुर्च्या जवळ ओढतात आणि म्हणतात, "हं, आता मोताळा सांग."

किस्से मी जमवत नाही. ते दवाखान्याच्या दारातल्या चपलांसारखे आपोआप साचतात. संध्याकाळी बाहेर पडायला जावं तर पाय ठेवायला जागा नसते. याचं कारण सोपं आहे. परक्या गावात पेशंट डॉक्टरला नव्याने भेटतो. आपल्या गावात त्याने डॉक्टरला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून पाहिलेलं असतं.

०००

पुण्यात दोन वर्षं नोकरी करून मी मोताळ्याला परत आले आणि बाजाराच्या रस्त्यावर दातांचा दवाखाना टाकला. बोर्ड झकास केला. निळ्यावर पांढरं, 'डॉ. प्रज्ञा', खाली डिग्री.

पहिल्याच दिवशी आमच्या गल्लीतली कासाबाई गाल धरून आली. दारात माझी मदतनीस रुखसाना उभी होती.

"पिंकीचा दवाखाना हाच हाय काय वं?"

रुखसाना मलकापूरची, गावात नवी. तिने नम्रपणे सांगितलं, "नाही आजी, हा डॉक्टर प्रज्ञा मॅडमचा आहे."

कासाबाई निघून गेली. सुजलेला गाल घेऊन ती अर्ध्या गावात पिंकीचा दवाखाना शोधत फिरली. शेवटी माझ्या बाबांनीच तिला हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं. बाबा रिटायर्ड पोस्टमन. त्यांनी बोर्डाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बाई, टपाल नावावर पोचत नाही. ओळखीवर पोचते."

दोन दिवसांनी मी सामान आणायला बुलडाण्याला गेले होते. परत आले तर बोर्डावर माझ्या नावाखाली कंसात, नावापेक्षा मोठ्या अक्षरात 'पिंकी' लिहिलेलं. पेंटर शिडीवरून उतरत होता आणि बाबा खालून 'कीची वेलांटी बरोबर आली' म्हणून त्याला शाबासकी देत होते.

मी चिडले. पण त्या आठवड्यात बाकावर जागा पुरेना. अकोल्याहून औषध कंपनीचा माणूस आला, बोर्ड वाचला, टाय नीट केला आणि आत येऊन म्हणाला, "गुड मॉर्निंग, पिंकी मॅडम."

०००

पुण्याच्या क्लिनिकमधल्या मोठ्या मॅडमनी मला पहिल्याच आठवड्यात बाजूला घेतलं होतं. मी एका पेशंटला "कुठं दुखून राह्यलं?" असं विचारलं होतं. मॅडम म्हणाल्या, "काम छान आहे गं तुझं. फक्त जरा नीट बोलत जा."

मी नीट बोलायला शिकले. इतकी शिकले की मोताळ्यात आल्यावरही ते सुटेना. रोहिणखेडचे एक म्हातारे मामा आले, खुर्चीत बसले. मी मास्क लावला आणि म्हणाले, "नमस्कार. आपल्याला नेमका कुठे त्रास होतोय?"

मामांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग ते रुखसानाला म्हणाले, "कोनाले इचारून राह्यली वं ही?"

मी मास्क खाली केला. "मामा, तुमालेच. कुठं दुखून राह्यलं?"

"मंग असं बोल ना," म्हणत त्यांनी तोंड उघडलं. दात तपासून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पुन्यात फार तरास देला काय तुले?"

०००

आम्हाला गणित शिकवणारे सर होते. त्यांची पट्टी लाकडी होती आणि तिच्या कडा त्यांनी वर्षानुवर्षं आमच्या हातांवर घासून गोल केल्या होत्या. एक दिवस हेच सर वरची दाढ काढायला माझ्याकडे आले. खुर्ची मागे गेली तसे त्यांनी दोन्ही हँडल घट्ट धरले.

"सर, दुखलं तर हात वर करा."

सरांनी लगेच हात वर केला.

"सर, मी अजून काहीच केलेलं नाही."

"शंका आहे. तुला गणितात किती होते?"

"काठावर पास."

"मग दाढेची मुळं कशी मोजशील?"

"वरच्या दाढेला तीन असतात, सर. तिथपर्यंत मला येतं."

इंजेक्शन दिलं, दाढ निघाली, सरांना कळलंसुद्धा नाही. कापूस चावत ते उठून बाहेर गेले. बाहेर बाकावर माझ्याच वर्गातले दोघं बसले होते, त्यांनीही ती पट्टी खाल्ली होती. सर त्यांच्यासमोर थांबले आणि बोबड्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका. हिचा हात हलका आहे. माझा नव्हता."

त्यातला एक उठून उभा राहिला. सवयीने. मग दुसराही राहिला.

०००

आठवडी बाजारात भाजी घेणं मला जमत नाही. पिशवी घेऊन वांग्यांसमोर वाकलं की शेजारी कुणीतरी वाकतं आणि तोंड उघडतं.

"पिंके, पाह्य बरं, हा दात हालते काय?"

एकदा मी चूक केली. मोबाईलचा टॉर्च लावून खरंच पाहिलं. मान वर केली तर मागे रांग. आठदहा माणसं, हातात पिशव्या, तोंडं उघडी. एक जण तर नंबर जाऊ नये म्हणून बायकोला उभं करून मिरच्या घ्यायला गेला होता. मी एकेकाला 'उद्या दवाखान्यात ये' म्हणून वाटेला लावत होते, आणि भाजीवाली कपाळाला हात लावून बसली होती. शेवटी तिने आवाज चढवला.

"डॉक्टरीनबाई, तपासा लागते तं तपासा. पन त्याईले माह्या वांग्याईवर चूळ भरू देऊ नका."

०००

राजूर घाटात मी स्कूटीवरून पडले तो दिवस चांगल्यात धरायचा की वाइटात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वळणावर खडी होती. गाडी एकीकडे, मी एकीकडे. पाय हलवता येईना आणि मोबाईल लांब जाऊन पडलेला. खरं सांगायचं तर रडू आलं. इतक्यात मागून कापसाचा टेम्पो आला, करकचून थांबला, आणि वरून आवाज आला, "अबे थांब, थांब, हे तं पोस्टमनची पोरगी हाय."

त्या चौघांनी मला अलगद उचलून कापसावर निजवलं. इतकी मऊ अ‍ॅम्ब्युलन्स पुण्यात पैसे देऊन मिळत नाही. बुलडाण्यापर्यंत एक जण माझ्या डोक्यावर गमछा धरून बसला होता. आम्ही पोचायच्या आत दवाखान्याच्या दारात बाबांचे दोन जुने सहकारी, आमच्या विहारातल्या बायका आणि मी न ओळखलेला एक माणूस, असे सगळे हजर होते. पायाला प्लास्टर लागलं. कुणाला फोन करायची वेळच आली नाही.

हे झालं चांगलं. आता ऐका. मी स्ट्रेचरवर, वेदनेने डोळे मिटलेले. टेम्पोचा ड्रायव्हर जवळ येऊन वाकला. मला वाटलं धीर देतोय.

"ताई, तुमी आता निवांत पडल्याच हाय, तं इचारून घेतो. ही अक्कलदाढ काढाव का राहू द्याव?"

०००

प्लास्टर निघालं त्या सुमारास अनिकेत बुलडाण्याला एका कॅम्पसाठी आला. आम्ही पुण्यात एकाच क्लिनिकमध्ये होतो. स्टँडजवळ आम्ही पाणीपुरी खाल्ली आणि त्याने विषय काढला. तो स्वतःचं मोठं क्लिनिक सुरू करत होता, त्याला जोडीला डॉक्टर हवी होती.

"एसी, चांगली टीम, रविवारी सुट्टी," तो म्हणाला. "आणि एकही पेशंट तुला ओळखणार नाही."

शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त आवडलं.

मी मोताळ्याला पोचले तेव्हा आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोण होता ते मी विचारत नाही."

"कोण कुठे होता?"

"विचारत नाही म्हटलं ना. पण तू तिखट पाणी दोनदा मागितलं म्हणे. अ‍ॅसिडिटी कुणाला आहे?"

०००

पुण्याला जायचं मी खऱ्या अर्थाने मनावर घेतलं ते एका दातांच्या सफाईमुळे.

चिखलीहून एक बाई आल्या. जरीची साडी, सोबत बहीण. म्हणाल्या, दात साफ करायचेत. मी मशीन चालू केलं तरी त्यांचं बोलणं थांबेना. वय किती, भाऊ किती, भाकरी येते का, लग्नानंतर दवाखाना चालू ठेवणार का. त्यांच्या तोंडात आरसा आणि नळी, त्यामुळे अर्धे प्रश्न गुळण्यांसारखे ऐकू येत होते. बहीण बाजूला बसून माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहत होती. मला वाटलं, माणसं बोलकी आहेत. सफाई झाली, मी दात जुळतात का पाहायला नेहमीचं सांगितलं, "आता तोंड बंद करा."

संध्याकाळी मध्यस्थांचा घरी फोन आला. चिखलीच्या त्या बाई म्हणजे माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाच्या मुलाची आई होत्या. पोरगी पसंत होती, शिक्षण पसंत, रंग चालला असता. पण पहिल्याच भेटीत जी होणाऱ्या सासूला तोंड बंद करायला सांगते, ती पुढे काय करेल?

आई हसावं की रडावं अशा चेहऱ्याने बसली. बाबा उठून बाहेर गेले आणि त्यांचे खांदे हलताना मला खिडकीतून दिसले. सकाळपर्यंत गावभर झालं. दूध घ्यायला गेले तर दूधवाला म्हणाला, "बरं केलं वं पिंके." पेशंट खुर्चीत बसता बसता स्वतःच तोंड बंद करून हसायचे. विहारात एका मावशीने सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, "लग्नापर्यंत तरी थांबाव लागत होतं."

मला हसू येत नव्हतं. त्या मुलाशी मला लग्न करायचं नव्हतं, त्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं. पण माझं प्रत्येक वाक्य माझ्याआधी गावात फिरून येतं, याचा वीट आला होता. मी अनिकेतला फोन करून सांगितलं, येते, बसून बोलू.

आईने गुपचूप बॅगेत चटणी भरली. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "तिथं तुले पिंकी कोन म्हनीन?"

"कुणीच नाही. म्हणूनच चालले."

ते मान हलवून पेपर वाचायला लागले. पेपर उलटा होता की नाही ते मी पाहिलं नाही.

०००

सकाळी मलकापूरहून येणारी पुण्याची लाल गाडी पकडली. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टर होते सुखदेवकाका, आमच्याच गावचे. त्यांच्या उजवीकडच्या दाढेचं रूट कॅनाल माझ्याकडे चालू होतं. दाढ उघडून, औषध भरून, वर तात्पुरतं सिमेंट लावून मी त्यांना पुढच्या सोमवारी बोलावलं होतं. मला पाहून त्यांचा चेहरा खुलला, मग त्यांना बॅग दिसली.

"एक पुणे," मी म्हणाले.

"जाऊन येनार, का जानार?"

"अजून ठरलं नाही. कदाचित जाणार."

काकांनी जिभेने आतून दाढ चाचपली. मशीनवर बटणं दाबली आणि तिकीट माझ्या हातात दिलं. मी वाचलं. मोताळा ते बुलडाणा.

"काका, मी पुणे म्हटलं."

"आईकलं. बायकाईले तिकीट अर्धं हाय, इचार तरी पुरा कर. पुढचं तिकीट पुढं देतो." आणि ते मागच्या सीटकडे निघून गेले.

घाट चढताना मी त्यांच्याकडे पाहत नव्हते. ते कुणालातरी ओरडत होते, कुणाची तरी पिशवी रॅकवर टाकत होते, पण आवाज नेहमीचा नव्हता. शब्द सगळे डाव्या गालातून येत होते.

बुलडाण्याच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. काका दोन कप घेऊन चढले, एक मला दिला आणि समोरच्या सीटवर बसले. मान वाकडी करून, एका बाजूनेच ते चहा ओढत होते. एक घोट चुकून उजवीकडे गेला तसे त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. खालून ड्रायव्हरने हॉर्न दिला.

काकांनी कप खाली ठेवला, मशीन मांडीवर घेतलं. "बोल वं बाई. कुठलं देऊ?"

मी त्यांची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"काका, आधी आ करा."