हरकतीचा अर्ज

राबिघच्या रिफायनरीवरचं काम संपलं आणि आमचे हे जेद्दाच्या घरी येऊन बसले. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायला दोन महिने उरलेले. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही तर बाडबिस्तरा बांधून रत्नागिरी, आणि लेकीची दहावी ऐन तोंडावर. घरात सगळे हळू आवाजात बोलायचे.

मी मात्र भांडण काढलं. खिडकीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर सातमजली इमारतीची पाटी लागली. म्हणजे वारा गेला, ऊन गेलं, गच्चीवरचे माझे पोह्याचे पापडही गेले! "एवढं वाळवंट पडलंय, तिकडे बांधा की मेल्यांनो!" मी ओरडले. लेक हसत सुटली. "मम्मी, यू आर सच अ निंबी!" खुशाल बांधा, पण माझ्या परसात नको, असं म्हणणाऱ्यांना इंग्रजीत निंबी म्हणतात म्हणे.

"निंबी तर निंबी," मी म्हटलं, "आमच्या गावात याला हरकत घेणं म्हणतात."

हरकत म्हटली की अर्ज आलाच. माझे वडील अख्ख्या गावाचे ग्रामपंचायतीचे अर्ज लिहायचे, ते वळण हाताला होतं. विषय, मग 'वरील विषयास अनुसरून', मग धूळ, आवाज, वारा. लेकीने कुरकुरत त्याचं इंग्रजी केलं. सह्या गावच्या रीतीने, कुटुंबप्रमुखाची पहिली, नाव आणि फोन नंबरासकट. हे मोबाइलवर नोकऱ्यांचे अर्ज भरत होते, त्यातून डोकं न काढता सही ठोकली. खाली अकरा बिऱ्हाडांच्या घेतल्या. शेजारची हैदराबादी बाई आणि मी तो अर्ज प्लॉटमालकाच्या ऑफिसात देऊन आलो.

आठवड्याने ह्यांना साइट सुपरवायझरच्या मुलाखतीला बोलावणं आलं. गेले, आणि घामाघूम होऊन परतले. जागा त्याच इमारतीवरची होती. मालकाने आमचा अर्ज टेबलावर पसरला आणि ह्यांच्या सहीवर बोट ठेवलं.

मी कपाळावर हात मारला. "अगं बाई, काय करून बसले मी! मग?"

"म्हणाला, धुळीची तक्रार तुझी ना? मग आता धूळ तूच आवर. यल्ला, चल, रविवारपासून ये."

मी आधी रडले आणि मग हसले.

आता रोज सकाळी सातला ड्रिल सुरू होतं आणि मांडणीवरची भांडी थरथरतात. काल हैदराबादी शेजारीण तणतणत दुसरा अर्ज घेऊन आली. "आपा, जल्दी साइन करो." मी तिला चहा दिला, खारी दिली, घरभर शोधल्यासारखं केलं, आणि पेनच सापडत नाही म्हणून सांगितलं.