साबणाने धुतलेली साय

एअरपोर्टवर रडायचं नाही, असं मी आणि आईनं आदल्या दिवशीच ठरवलं होतं. दोघींनीही ते पाळलं नाही. पण त्या वेळी सगळं उलटं होतं. जाणारी मी नव्हते. आई-बाबा माझ्याकडे मेलबर्नला, टार्निट या उपनगरातल्या घरी तीन महिने राहून बार्शीला परत निघाले होते, आणि काचेच्या दारापाशी उभी राहून हात हलवणारी मी होते. इतकी वर्षं मी बॅग ओढत निघून जायचे आणि ती दोघं मागे उरायची. मागे उरणं इतकं जिव्हारी लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. तुम्ही जे मागे राहिलात, त्या तुम्हाला हे मी काय सांगणार!

आईच्या बॅगेत स्टीलच्या डब्यात एक बरणी होती, आणि बरणीत माझ्या कोम्बुचाचं कल्चर. कोम्बुचा म्हणजे साखर घातलेला कोरा चहा आंबवून केलेलं पेय. त्यावर एक जाड, पांढरट चकती धरते, आणि सगळा जीव त्या चकतीत असतो. आईनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "शी! हे पितेस तू?" म्हणून नाक मुरडलं होतं. महिन्याभरात बाईसाहेब त्यात माझ्या पुढे गेल्या. चकतीला 'साय' हे नाव तिनंच दिलं, आणि बरणीच्या तोंडाला रबरबँड न लावता लोणच्याला बांधतात तसा दादराही तिनंच बांधला. बाबा त्याला 'तुमचं ते प्रकरण' म्हणायचे आणि चार हात लांब राहायचे.

ते पोचले आणि थोड्याच दिवसांत कोरोनामुळे इथली दारं बंद झाली. मग दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही मायलेकी बरण्या शेजारी ठेवून बसायचो. "मनू, खाली तपकिरी दोरे लोंबतायत. अळ्या पडल्या का गं?" "नो वरीज, यीस्ट आहे ते." "अगं, साय बुडाली!" "बुडू दे, वर नवी धरेल." एकदा तिनं ती विरजणासारखी फ्रीजमध्ये ठेवली. तिथे ती इतकी गारठली की महिनाभर आंबेचना. तेव्हापासून जास्तीची साय आंबट पाण्यात बुडवून फडताळात ठेवायची, हा नियम ठरला.

माझं कामही असलंच. एका युनीच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, आयटी हेल्पडेस्कवर बसते, म्हणजे लॉकडाउनमध्ये आमच्या घरातल्या बेडरूममध्ये बसायचे. लोकांना प्रश्न विचारत विचारत बिघाड शोधायचा. आई म्हणायची, "बटण दाबा सांगायला मेलबर्न कशाला हवं होतं? बार्शीत बसून मी सांगितलं असतं."

मग तिकडे दुसरी लाट आली. आईचे मेसेज रोज यायचे. सकाळी गुलाबाचं चित्र, दुपारी 'जेवलीस का?' पण व्हिडिओ कॉल काही होईना. बाबा सांगायचे, आज नेट नाही. आज आई झोपलीये. आज आईला कंटाळा आलाय. मी म्हटलं, असेल. बातम्या बघून माणूस कंटाळणार नाही तर काय!

एका आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, लंच ब्रेकमध्ये बाबांचा फोन आला. "मनू, सहज विचारतो. तुमच्या त्या प्रकरणावर हिरवं-हिरवं आलंय." पाठोपाठ फोटो आला. कोरडी, निळसर-हिरवी, केसाळ बुरशी. मी लगेच हेल्पडेस्कवाली झाले.

"जुनं आंबट पाणी किती घातलं होतं?"

"ते ओतून दिलं. वास मारत होतं."

"बाबा! आणि साय?"

"स्वच्छ धुतली ना. दुधाच्या पिशव्या धुतो त्याच साबणाच्या पाण्यात."

मी इतकी हसले की निखिल, माझा नवरा, शेजारच्या खोलीतून डोकावला. बाहेरून आलेला कांदासुद्धा साबणानं धुणारे बाबा. त्यांनी सायीला का सोडावं? हसता हसता मी सवयीनं पुढचा प्रश्न टाकला. आम्ही तो प्रत्येकाला विचारतोच. "याला शेवटचा हात कुणी लावला?"

आणि विचारता विचारता माझं हसू गारठलं. आई बाबांना त्या बरणीजवळ फिरकू द्यायची नाही. मग साबण लावेपर्यंत ती कुठे होती?

"बाबा, आईला फोन द्या."

पलीकडे नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

"बाबा, आई कुठाय?"

"सोलापूरला. दवाखान्यात." मग हळूच म्हणाले, "ऑक्सिजन लावलाय. स्थिर आहे म्हणतात."

मी विचारलं, "मग सकाळी गुलाब कुणी पाठवला?"

"मीच. तिचा फोन घरीच राहिला."

"आणि 'जेवलीस का'?"

"तेही मीच."

उभ्या जन्मात मला 'जेवलीस का' न विचारणारा माझा बाप आईच्या नावानं रोज ते विचारत होता, आणि मी 'हो गं, वरणभात' असं उत्तर देत होते. मी ओरडले. वाट्टेल ते बोलले. मी काय परकी आहे का, उद्या काही झालं असतं तर तेही गुलाबाच्या चित्राखाली लिहिणार होतात का, इथपर्यंत बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिनंच शपथ घातली होती गं. अँब्युलन्समध्ये बसताना दोनच गोष्टी सांगितल्या. मनूला कळवू नका, आणि सायीला चहा घाला. मला दुसरंही जमलं नाही." आणि बाबा रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं.

निखिल लॅपटॉप घेऊन बसला. इथून बाहेर पडायला परवानगी लागत होती, ती मिळाली तरी विमान नव्हतं, आणि विमान मिळालं तरी परत कधी येऊ देतील हे कुणी सांगत नव्हतं. माझ्या हातात होता फक्त फोन. मग मला जे येतं तेच मी केलं.

"बाबा, डोळे पुसा. स्वयंपाकघरात जा. कॅमेरा फिरवा."

"वरची बुरशी काढून टाकली तर? लोणच्याची काढतो तशी?"

"नाही. सगळं टाकायचं, पाण्यासकट. बरणी उकळत्या पाण्यानं धुवा."

"मनू, ही गेली तर तिला काय सांगू?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बाबांच्या मनात साय आणि आई एकाच माळेत ओवल्या गेल्या होत्या. ही जगली तर ती जगेल. म्हटलं, "आई कुठलीही गोष्ट एकच ठेवते का कधी? फडताळात बघा." पिठाच्या डब्यामागे दादरा बांधलेली बरणी निघाली. आत आंबट पाण्यात एकावर एक साया. "आहे गं, आहे!" बाबा एवढ्या जोरात ओरडले की त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि तेव्हा मला कळलं की तेही तापातच आहेत. त्यांना चहा करायला लावला, तो पूर्ण गार होऊ द्यायला लावला, आंबट पाणी मापानं घालायला लावलं. मग त्याच फोनवर खिचडी टाकायला लावली आणि समोर बसवून खाऊ घातली. जेवलात का, हे त्यानंतर रोज मी विचारत राहिले.

आई घरी आली तेव्हा व्हिडिओ कॉलवर ओळखू येत नव्हती. केस कापलेले, गळ्याची हाडं वर आलेली. एवढंसं बोलली तरी दम लागत होता. मी भांडायचं ठरवूनच बसले होते. "मला का नाही सांगितलंस?"

तिनं बशीतल्या चहावर फुंकर घातली. "सांगितलं असतं, तर आली असतीस?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. दारं बंद होती हे खरं, पण ती उघडी असतानाही मी किती वेळा म्हटलं होतं, आत्ता नाही गं, सुट्टी नाही, पीआरचं, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचं, काम अडकलंय. कोणत्याही आजाराची नाही इतकी धडकी मला त्या साध्या प्रश्नानं भरली.

कारण आपल्याकडची रीत मला माहीत आहे, आणि माझ्यासारखे जे निघून आलेत त्यांनाही माहीत आहे. चांगलं ते पाहुण्यांना दाखवायचं आणि वाईट घरच्यांत बोलायचं. दर रविवारी आई-बाबा मला नवे पडदे दाखवत होते, शेवंतीची कुंडी दाखवत होते, 'इकडे सगळं मजेत' म्हणत होते, आणि मी खूश होत होते. माझ्याच घरात मी कधी पाहुणी झाले, मला पत्ता लागला नव्हता.

मी तेव्हा सांगितलं, "नसते आले. पण मला सांगायचं. मला येता येत नसेल तेव्हा तर आधी सांगायचं." आईनं बशी खाली ठेवली. मग बाबांना म्हणाली, "ऐकलंत ना?"

त्यांनी ऐकलं. आता बाबा स्वतःच्या फोनवरून मेसेज पाठवतात, गुलाब-बिलाब काही नाही. परवा कामाचा कॉल चालू असताना आला: 'आईची शुगर वाढली. माझी दाढ काढावी लागणार. वरच्या खोलीत गळतंय.' मी कस्टमरला होल्डवर ठेवलं, डोळे पुसले, आणि बाबांना विचारलं, "कुठली दाढ?"