पोळ्याच्या मातीचं भांडं

लालभडक भांडं भट्टीतून चिमट्यानं बाहेर काढायचं आणि थेट भुशात टाकायचं, असं मास्तर म्हणाला, आणि माझा त्याच्यावरचा विश्वास तिथंच उडाला. आता तुम्हीच सांगा, मी कुंभाराची लेक, कुंभाराची सून. आमच्याकडे आवा एकदा पेटला की तो आपणहून थंड होईपर्यंत कोणी हात लावत नाही, दोन दिवस लागोत की तीन. आणि हा बाहेरगावचा माणूस सांगतो, ऐन तापातच उघडा.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. वर्ध्याला एका केंद्रात बायकांसाठी मातीकामाचा तीन महिन्यांचा वर्ग निघाला होता. मी सिंदीहून सकाळच्या पॅसेंजरनं जायची. घरी चाकाला बाईनं शिवायचं नाही अशी रीत. माती तुडवायची, घडे थापायचे, आवा रचायचा, हे सगळं आमचं. चाक मात्र पुरुषांचं. मास्तर शिकवायचा ती तापलेलं भांडं भुशात टाकायची जपानी पद्धत, राकू म्हणतात तिला, तिला चाक लागत नव्हतं. बोटांनीच वाटी वळवायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या एकटीच्या हातचं भांडं, एवढाच मला लोभ होता.

सासूबाईंनी जाऊ दिलं, पण एक अट घालून. "फुटलं त उद्यापासून गाडी बंद. कुंभाराच्या सुनेनं फुटकं काम शिकाले वर्ध्याले जायाचं, लोकं हासतीन." आणि वर, "तो मास्तर आपल्या काळ्या मडक्याचं काऊन इचारते वं सारखा? काई सांगू नोको त्याले."

तो विचारायचा खरंच. मी विषय बदलायची. त्याच्या भांड्यांवरही माझा डोळा होता. पांढुरकं मळकट भांडं आत जायचं आणि भुशाच्या डब्यातून निघायचं ते काळं, वर तांब्याची झाक. हा मागच्या मागे बदलतो की काय, असं मला वाटायचं. म्हणून मी माझ्या वाटीच्या बुडाला ज्वारीचा एक दाणा दाबून ठेवला. दाणा जळेल, पण खळगी राहील. मग कळेलच.

पण खरा संशय होता तो मातीचा. तिच्यात मास्तर खापरांचा चुरा घालायचा. म्हणायचा, त्यानं भांडं आगीचा झटका सोसतं. कोपऱ्यात खापरांचं पोतंच होतं. मी विचारलं, "ये कहाँ से लाए?" तर हसून म्हणाला, "जहाँ मिल गए." हे काय उत्तर झालं? आमच्या घरी फुटलेलं मडकं पुन्हा उंबऱ्याच्या आत येत नाही. मयताच्या वेळी मडकं फोडतात, त्या मडक्याचे तुकडे नदीच्या घाटावर पडलेले असतात. हे पोतं तिथूनच भरलं असेल तर? माझं पहिलं भांडं, आणि त्यात कोणाच्या मयताचं खापर?

मी कोणाला न सांगता माती बदलली. घरची रांजणाची माती सासूबाईंच्या नजरेखाली असायची. कोपऱ्यात झाकून ठेवलेली गाळीव माती होती, पोळ्याला मातीचे बैल करतो ना, ती. लोण्यासारखी मऊ. पदरात बांधून नेली, वाटी वळली, वाळवली. पहिल्या मंद भाजणीत ती टिकली. वरून काचेचा लेप लागल्यावर तर मास्तरलाही काही कळलं नाही. मला वाटलं, जिंकले.

राकूच्या दिवशी सासूबाई पॅसेंजरमध्ये माझ्याआधी चढून बसल्या. "मी बी येते. पाहू दे तुया मास्तर काय करते त."

भट्टी म्हणजे विटांची एक छोटी कोठी. मास्तरनं दार उघडलं, सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. बाकी बायकांची भांडी एकेक करून भुशात गेली, धूर निघाला, झाकणं पडली. माझी वाटी चिमट्यानं उचलली आणि ठण्णकन आवाज झाला. दोन तुकडे खाली, एक चिमट्यात.

मास्तर बिचारा कपाळ पुसत म्हणाला, "मेरी गलती है. आँच तेज हो गई." माती माझी आहे, हे मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

तुकडे निवल्यावर सासूबाईंनी एक उचलला. फुटल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे पोळ्याच्या बैलाची माती हाय."

मी मान हलवून कबूल केलं.

"त्याची माती काऊन नाई घेतली?"

मी पोत्याकडे बोट केलं. त्यांना समजवून सांगावं लागलं नाही. पोत्याजवळ गेल्या, एक खापर काढून उलटसुलट पाहिलं, परत टाकलं आणि हात लुगड्याला पुसले. मग मास्तरला म्हणाल्या, "तुमची गलती नाई. माती हिची होती." आणि माझे तिन्ही तुकडे पदरात बांधले.

गाडीत तुकड्यांची गाठ त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. मला वाटलं, संपलं. घरी आल्यावर त्यांनी लेप लागलेला भाग ठोकून उडवला आणि उरलेली खापरं पाट्यावर घातली. मीठ-मिरची वाटावी तशी वाटली, चाळली, फडक्यात बांधली.

"हे घे. तुयंच फुटलेलं हाय, कोनाच्या मयताचं नाई. रांजणाच्या मातीत हे मिसळजो. त्याच्या पोत्याले हात लावू नोको."

दुसरी वाटी मी त्या मिसळलेल्या मातीची केली, बुडाला पुन्हा ज्वारीचा दाणा दाबला. ती लाल असताना निघाली, भुशात गेली आणि काळी होऊन अख्खी आली. घरी नेली तर सासूबाईंनी आधी बोटाच्या पेरानं वाजवून ऐकली. मग संशयानं विचारलं, "बदलली त नाई ना त्यानं?"

मी वाटी उलटी केली. बुडाला ज्वारीच्या दाण्याची खळगी होती. त्यांनी तिच्यात करंगळीचं नख घालून पाहिलं.

"पानी ठरते का ह्याच्यात?"

"झिरपते," मी म्हणाले.

"मंग काय कामाची?" असं म्हणत त्यांनी ती उचलून फळीवर, त्यांच्या कुंकवाच्या डबीशेजारी ठेवली. "उद्या भाकरी लवकर टाकजो. गाडी चुकन."