उन्हातले सेल

पोंभुर्ण्याला बदली होऊन मी कंटाळलो होतो. शेजारच्या खोलीतला कारकून रोज सकाळी रेडिओचे उतरलेले सेल कौलांवर उन्हात ठेवायचा आणि संध्याकाळी त्यांवरच गाणी ऐकायचा. जाहिरात लागली, की कान पिरगाळावा तसं बटण बंद.

"साबणवाल्यासाठी आपले सेल काऊन जाळाचे, भाऊ?"

पुढचं गाणं सुरू होताना मात्र त्याचा रेडिओ बरोबर चालू झालेला असायचा. त्या खटखटीचाही मला वीट आला होता.

मग मी मलेरियानं अंथरुणाला खिळलो. ऑफिसला निघताना त्यानं नवे सेल घालून रेडिओ माझ्या उशाशी ठेवला. जाहिरात लागली. बटणाकडे माझाच हात गेला.

"राहू द्या," तो म्हणाला. "दिवसभर खोलीत कोणी त बोललं पाह्यजे."