गुडमारीचा वेल आणि उंदरांच्या गाठी

नवं राज्य होऊन काही वर्षं झाली होती. मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमचे विभागप्रमुख पुण्याकडचे. एकटे राहत, म्हणून सुटीत मी त्यांना माझ्या गावी, धामणगाव बढ्याला घरी नेत असे. माझी आई मळ्यात वांगी-मिरची लावायची. तिला साखरेचा आजार होता आणि कुंपणावरच्या गुडमारीच्या वेलाची पानं ती रोज सकाळी चावून खायची.

सरांनीही एकदा दोन पानं चावली आणि वर गुळाचा खडा तोंडात टाकला. गूळ मातीसारखा लागला. ते कितीतरी वेळ हसत होते. परतताना एस.टी.त म्हणाले, "जिभेवर चालतं ते रक्तात चालतं का, बघायला हवं."

त्यांनी पांढरे उंदीर आणले. मुंबईच्या मित्राकडून एक फिकट पूड मिळवली. ती बर्फाच्या थर्मासमधून आली. ही पूड पाण्यात विरघळवून टोचली की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मरतात आणि धडधाकट उंदराला मधुमेह होतो. पिंजरे थोडेच होते. काही उंदरांना नुसती पूड टोचली, काहींना पूड टोचून वर पाल्याचा काढा पाजला, आणि उरलेल्यांना फक्त मिठाचं पाणी टोचलं. नुसता काढा पाजलेले उंदीर ठेवायला जागाच नव्हती.

त्यांची लघवी निळ्या द्रावणात उकळणं हे माझं काम. साखर असली की विटकरी रंग येई. काढ्यावाल्यांचा रंग हळूहळू हिरवटावर आला. नुसती पूड टोचलेले सुकत सुकत मेले. काढ्यावाले जगले. असे प्रयोग लोक काही आठवड्यांत संपवतात, पण सर म्हणाले, "जगतायत तोवर जगू देत."

वर्ष उलटलं आणि त्यांतला एक मेला. सरांनी पोट उघडलं तर मूत्रपिंडावर गाठ. पुढच्यातही गाठ, त्याच्या पुढच्यातही. मिठाच्या पाण्यावाल्यांत काही नव्हतं. सरांनी हातातली कात्री ट्रेमध्ये ठेवली. म्हणाले, "हा पाला तुमच्या आई रोज खातात."

रविवारी ते स्वतः गावी आले. आईसमोर बाजेवर बसून म्हणाले, "मावशी, पाला बंद करा. उंदरांना गाठी झाल्या. पाल्यानंच झाल्या असं नाही म्हणत, पण धोका नको. मोताळ्याचे डॉक्टर सांगतात ती इन्सुलिनची सुई घ्या."

आईनं विचारलं, "उंदरायले नुसता पालाच देल्ला होता का?"

"नाही, आधी आजार व्हावा म्हणून सुई टोचली होती."

"हाव," म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी तिनं वेल मुळासकट उपटला. डॉक्टरांची सुई मात्र घेतली नाही. मी समजावत राहिलो की ती सुई आजार करणारी आणि ही आजार आवरणारी.

"सुई ते सुईच," ती म्हणायची. "त्यायले टोचली अन् गाठी झाल्या. मले काऊन टोचून राह्यला?"

मी शिकवून पोट भरणारा माणूस, पण आईला एवढं पटवता आलं नाही. साखर वाढत गेली तशी तिची नजर मंद होत गेली. वांग्यातली कीड दिसेना, मग पायवाट दिसेना.

पुढं प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून नागपूरचे एक प्राध्यापक आले. चहा पिताना सरांनी त्यांना गाठींची हकीकत सांगितली. ते सहज म्हणाले, "त्या पुडीनंच होतात हो. उंदीर पुरेसा जगला तर महिन्यांनी गाठ धरते. आता बऱ्याच ठिकाणी दिसलंय. तुमचे नुसत्या पुडीचे उंदीर गाठ धरण्याआधीच मेले, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

म्हणजे काढ्यावाले जास्त जगले म्हणून त्यांना गाठी झाल्या. काढ्यानं की नशिबानं जगले, ते आता कळायचं नव्हतं. सरांचा चहा तसाच राहिला.

ते पुन्हा गावी आले. आईनं आवाजावरून ओळखलं.

"मावशी, पाल्याचा दोष नव्हता. आम्ही टोचलेल्या औषधाचा होता. पण तुम्हाला द्यायचं ते औषध वेगळं. तेव्हा हे मी नीट सांगायला हवं होतं."

"तुमी माह्या भल्यासाठीच आले होते, सर," ती म्हणाली. "वेल मीच उपटला." मग दंड चाचपत तिनं विचारलं, "थे सुई लई दुखते का?"

पहिली सुई सरांच्या समोरच, डॉक्टरांनी दिली. नंतर मी शिकलो आणि गावाहूनच कॉलेजात जा-ये करू लागलो. काचेची सिरिंज उकळायची, औषधाची बाटली माठाशेजारी ओल्या वाळूत ठेवायची. आई बरीच वर्षं जगली, हिंडतीफिरती राहिली. गेलेली नजर मात्र आली नाही.

सरांनी पिंजरे काढून टाकले आणि पुढं पुण्याकडे बदली करून घेतली. जाताना भेटायला आले तेव्हा आईनं त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बारीक झाले तुमी." मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. एस.टी.त चढताना त्यांनी विचारलं, "आजची सुई दिलीत ना?"